मुकुट आणि भाकरी : अल्थिया गिब्सनची दुसरी कारकीर्द

पैसे घेऊन काम करणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक ‘व्यावसायिक’ आणि दुसरा ‘धंदेवाईक’. अर्थ जवळपास एकच, पण दुसरा शब्द उच्चारताना आपले नाक किंचित मुरडते. या दोघांच्या समोर उभा असतो तो ‘हौशी’. हौशी माणूस पैसे घेत नाही, म्हणून तो शुद्ध; धंदेवाईक घेतो, म्हणून तो थोडा कमी प्रतीचा. हौशी नाटकमंडळींविषयी काही टिपणे जमवत असताना या शब्दांच्या मागे लागलो आणि वाट चुकून टेनिसच्या इतिहासात शिरलो. तिथे मला अल्थिया गिब्सन भेटली. हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधल्या भिंतीवर इतकी जोरात आदळलेली दुसरी खेळाडू शोधून सापडणे कठीण.

क्रीडाविषयक पुस्तकांत तिची ओळख एका ओळीची असते. विम्बल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू, साल १९५७. ओळ खरी आहे. पण ती वाचून असे वाटते, की गोष्ट तिथे संपली, दार उघडले आणि सगळे सुखरूप आत गेले. माझे म्हणणे असे, की तिच्या आयुष्यातला अधिक बोलका भाग १९५८ नंतरचा आहे. त्याकडे जाण्यासाठी आधीचा रस्ता मात्र चालावा लागेल.

कापसाच्या रानातून हार्लेममध्ये

अल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या सिल्व्हर नावाच्या खेड्यात. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत बटईने कापूस पिकवत. महामंदी आली तसे त्या शेतीत काही उरले नाही आणि १९३० मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आले. तिथे त्यांना घर मिळाले १४३ व्या रस्त्यावर. या योगायोगाने पुढचा इतिहास घडला. मुलांना खेळता यावे म्हणून पोलिसांच्या क्रीडा संघटनेने हा रस्ता दिवसा वाहनांना बंद केलेला होता आणि त्यावर पॅडल टेनिसची चौकट आखलेली होती. लहान मैदान, लाकडी फळीसारखी बॅट, खालून सर्व्हिस, असा तो खेळ. बारा वर्षांची असताना अल्थिया त्यात न्यूयॉर्क शहराची विजेती झाली.

शाळेत तिचे मन रमत नव्हते. दिवसचे दिवस ती घराबाहेर असे. वडील तिला मारत आणि मुष्टियुद्धही शिकवत, कारण त्या वस्तीत मुलीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागे. तेराव्या वर्षी तिने शाळा सोडली. काही काळ ती छळ सोसलेल्या मुलींच्या आश्रयगृहातही राहिली. अशा मुलीच्या हातात पहिली टेनिस रॅकेट दिली बडी वॉकर या वादकाने. तो उन्हाळ्यात त्या रस्त्यावरच्या खेळांवर देखरेख करी. पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढून १९४० मध्ये तिला कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबचे सभासदत्व घेऊन दिले. हा हार्लेममधल्या सुखवस्तू कृष्णवर्णीयांचा क्लब. तिथे तिला शिकवले फ्रेड जॉन्सन या एका हाताच्या प्रशिक्षकाने. चेंडू कसा मारायचा हे तिला लवकर कळले. हरल्यावर हस्तांदोलन कसे करायचे, हे कळायला वेळ लागला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. गोऱ्यांच्या संघटनेत प्रवेश नसल्यामुळे कृष्णवर्णीयांनी १९१६ मध्येच ‘अमेरिकन टेनिस असोसिएशन’ ही स्वतःची संघटना काढली होती. तिचे क्लब वेगळे, स्पर्धा वेगळ्या, विजेते वेगळे. १९४६ मध्ये तिच्या महिला गटाच्या अंतिम फेरीत अल्थिया हरली, पण ती हार दोन डॉक्टरांनी पाहिली. एक व्हर्जिनियातले रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन, दुसरे उत्तर कॅरोलायनातले ह्यूबर्ट ईटन. त्यांनी तिच्यापुढे करार ठेवला. शाळेचे महिने तिने ईटन यांच्या घरी राहायचे, अर्धवट सोडलेले शिक्षण पुरे करायचे आणि त्यांच्या अंगणातल्या कोर्टवर सराव करायचा. उन्हाळ्यात जॉन्सन यांच्याबरोबर स्पर्धा खेळत हिंडायचे. एकोणिसाव्या वर्षी ती पुन्हा शाळेच्या बाकावर बसली. १९४९ मध्ये शाळा, १९५३ मध्ये फ्लोरिडातले महाविद्यालय पूर्ण झाले. त्याच काळात, १९४७ पासून, तिने कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय स्पर्धा ओळीने दहा वर्षे जिंकली.

म्हणजे पहिल्या रॅकेटपासून पदवीपर्यंत तिला समाजाने वर्गणीने वाढवले होते. १९५१ मध्ये ती पहिल्यांदा विम्बल्डनला गेली तेव्हा विमानाचे तिकीटही जो लुई या मुष्टियोद्ध्याने काढून दिले होते. हे ऋण तिच्या मानेवर पुढे आयुष्यभर राहिले.

न लिहिलेला नियम

गोऱ्यांच्या राष्ट्रीय टेनिस संघटनेच्या नियमावलीत कृष्णवर्णीयांना बंदी असे कुठे लिहिलेले नव्हते. फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचे तर आधी मान्यताप्राप्त स्पर्धांमध्ये चमकावे लागे, इतकाच नियम. त्या स्पर्धा खासगी क्लबांच्या हिरवळीवर होत आणि त्या क्लबांमध्ये कृष्णवर्णीयांना फाटकातून आत घेत नसत. नियमाने कुणालाही अडवले नाही आणि कुणी आतही जाऊ शकले नाही. अशी व्यवस्था आपल्याला नवी नाही, त्यामुळे ती फार समजावून सांगण्याची गरज नाही.

हे कुलूप मोडले ॲलिस मार्बलने. ती स्वतः विम्बल्डनची आणि अमेरिकेची माजी विजेती, गोरी. जुलै १९५० मध्ये तिने टेनिसच्या एका नियतकालिकात लेख लिहून आपल्याच लोकांना चार शब्द सुनावले. टेनिस हा सभ्य स्त्रीपुरुषांचा खेळ म्हणवता, तर जरा सभ्यांसारखे वागा, असा त्याचा मथितार्थ. या लेखानंतर दारे किलकिली झाली आणि ऑगस्टअखेर, तेविसावा वाढदिवस होऊन काही दिवस झाले असताना, अल्थिया फॉरेस्ट हिल्सच्या कोर्टवर उतरली.

दुसऱ्या फेरीत तिच्यासमोर विम्बल्डनची विद्यमान विजेती लुईस ब्राउ होती. पहिला सेट अल्थियाने १-६ असा गमावला, दुसरा ६-३ जिंकला आणि तिसऱ्यात ती ७-६ अशी पुढे होती. त्याच वेळी वादळ आले. वीज पडून स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला. सामना थांबला. दुसऱ्या दिवशी उरलेला खेळ अकरा मिनिटांत आटोपला आणि अल्थिया ७-९ अशी हरली. त्या रात्री तिला झोप लागली असेल का, हा प्रश्न मला अनेकदा पडतो. नुसते हरणे वेगळे आणि एक रात्र विचार करायला मिळून मग हरणे वेगळे.

पुढची पाच वर्षे तशी कोरडीच गेली. मानांकन वरखाली होत राहिले. पदवीनंतर मिसुरीतल्या एका महाविद्यालयात ती शारीरिक शिक्षण शिकवू लागली. तुटपुंज्या पगारात आणि भरवशाच्या नसलेल्या खेळात जीव अडकवण्यापेक्षा सैन्यातल्या महिला दलात भरती व्हावे, असे तिने जवळजवळ ठरवलेही होते.

भारतातली भेट

याच सुमारास सरकारकडून बोलावणे आले. १९५५ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चार टेनिसपटूंना आशियात सदिच्छा दौऱ्यावर पाठवायचे ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची निर्घृण हत्या झाली होती आणि अमेरिकेची जगभर नाचक्की झाली होती. अशा वेळी एक शिकलेली, हसतमुख, कृष्णवर्णीय टेनिसपटू ब्रह्मदेश, सिलोन, भारत, पाकिस्तान इथे लोकांसमोर खेळताना दिसावी, यात राजकारण नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जिला आपल्याच देशातल्या बहुतेक क्लबांत पाणी प्यायला मिळाले नसते, ती देशाची प्रतिनिधी म्हणून निघाली. अल्थियाला हे कळत होते. पण तिला सामने हवे होते आणि इथे सामने मिळणार होते.

या दौऱ्याने दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे तिचा खेळ बसला. दौरा संपल्यावर ती घरी परतली नाही. आशिया-युरोपात एकामागून एक स्पर्धा खेळत राहिली आणि त्यांतल्या बहुतेक जिंकली. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. भारतात तिची गाठ अँजेला बक्स्टन या इंग्लिश खेळाडूशी पडली. अँजेला ज्यू. ज्यू म्हणून तिलाही क्लबांनी दारातून परत पाठवले होते. दोघी आपापल्या गोटात एकट्या. दोन परक्या मुली तिसऱ्याच देशात भेटल्या आणि मैत्री झाली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्या हिवाळ्यात सामन्यांचे निकाल छापून आले असतील. त्या मैत्रीची बातमी अर्थातच कुठे आली नसणार. तिचे फळ दिसायला चाळीस वर्षे जावी लागली.

१९५६ मध्ये अल्थियाने पॅरिसमध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकली. चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय. तिथे आणि पाठोपाठ विम्बल्डनला, दुहेरीचे विजेतेपद तिने अँजेलाच्या जोडीने मिळवले. एका इंग्लिश वर्तमानपत्राने त्या विजयाला ‘अल्पसंख्याक जिंकले’ अशा अर्थाचा मथळा दिला, तोही बारीक अक्षरांत.

दोन सोनेरी वर्षे

६ जुलै १९५७. कडक उन्हाळ्यात अल्थियाने डार्लीन हार्डला ६-३, ६-२ असे हरवले आणि राणी एलिझाबेथच्या हातून विम्बल्डनची तबकडी घेतली. पाच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये तिची कागदाच्या कपट्यांच्या वर्षावात मिरवणूक निघाली. असा मान आधी एकाच कृष्णवर्णीय खेळाडूला मिळाला होता, जेसी ओवेन्सला. सप्टेंबरमध्ये फॉरेस्ट हिल्सला तिने त्याच लुईस ब्राउला ६-३, ६-२ असे नमवले. या वेळी गरुड पडला नाही. बक्षीस दिले उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी. त्याच आठवड्यात आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरने लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू देऊ नये म्हणून सशस्त्र रक्षक दारात उभे केले होते.

मिरवणुकीनंतर थोड्याच दिवसांत ती शिकागोजवळ एका स्पर्धेसाठी गेली, तर तिथल्या हॉटेलांनी तिला खोली दिली नाही. या एका महिन्यात तिचा सगळा काळ सामावलेला आहे.

१९५८ मध्ये तिने विम्बल्डन आणि अमेरिकेची स्पर्धा पुन्हा जिंकली. एकेरी, दुहेरी आणि मिश्र मिळून मोठ्या स्पर्धांची अकरा विजेतेपदे तिच्या नावावर झाली. आणि त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू असताना तिने स्पर्धात्मक टेनिस सोडले.

मुकुटाची किंमत

कारण अगदी साधे होते. तिच्याकडे पैसे नव्हते. विम्बल्डनच्या विजेतीला तेव्हा रोख बक्षीस मिळत नसे. प्रवासखर्च आणि राहण्याजेवण्याचा भत्ता, एवढेच. टेनिसच्या जोरावर चार पैसे मिळवायला गेलात की तुम्ही धंदेवाईक, आणि मोठ्या स्पर्धांची दारे कायमची बंद. नुसते तसे बोललात तरी पुरे होई. १९४६ ची विम्बल्डन आणि अमेरिकन विजेती पॉलिन बेट्झ हिने धंदेवाईक दौऱ्याविषयी फक्त बोलणी सुरू केली होती, तेवढ्यावरून १९४७ मध्ये तिला निलंबित करण्यात आले. मुकुट काही खाता येत नाही, असे अल्थिया पुढे म्हणाली त्यामागे हे सगळे होते. चालवायला राज्य आहे पण घरभाडे द्यायला पैसे नाहीत, अशी ती राणी होती.

हौशीपणाचा हा नियम कुणी केला आणि कुणासाठी, हे पाहिले म्हणजे त्याची शुद्धता जरा वेगळी दिसू लागते. ज्याच्या बापाकडे जमीनजुमला आहे, त्याला हौशी राहणे परवडते. बटईदाराच्या मुलीला ते परवडत नाही. रंगाची बंदी कुठे लिहिलेली नव्हती, तशी गरिबीचीही नव्हती. दोन्ही भिंती न लिहिता उभ्या होत्या. पहिली अल्थियाने ओलांडली आणि दुसरीवर ती थांबली. पहिल्या भिंतीचे आपण स्मारक केले, दुसरीचा उल्लेखही करत नाही.

पुरुषांना निदान धंदेवाईक दौरे होते. बायकांसाठी असे दौरे अधूनमधून निघत आणि एक-दोन हंगामांत विरून जात. १९२६ मध्ये सुझान लांग्लेन या फ्रेंच विजेतीने अमेरिकेत पैसे घेऊन दौरा केला, तेव्हा ज्यांनी तिला डोक्यावर घेतले होते त्यांनीच पाठ फिरवली. तीस वर्षांनी अल्थियाला उभे राहायला तेवढीही जागा नव्हती.

मग तिने मिळेल ते केले. आवाज चांगला होता म्हणून गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. जॉन फोर्डच्या ‘द हॉर्स सोल्जर्स’ या चित्रपटात गुलाम दासीची भूमिका केली. त्या पात्राच्या तोंडी घातलेली अडाणी बोली मात्र बोलायला तिने नकार दिला आणि संवाद बदलून घेतले. १९५९-६० च्या हंगामात हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या बास्केटबॉलच्या प्रसिद्ध चमूबरोबर ती गावोगाव हिंडली. बास्केटबॉलच्या जागेवर जाळी लावायची आणि कॅरोल फॅगेरोस या जुन्या सहकारिणीबरोबर प्रदर्शनीय सामना खेळायचा. ही तीच कॅरोल, जी आशियाच्या दौऱ्यात तिच्यासोबत होती. त्या हंगामात अल्थियाला सुमारे लाखभर डॉलर मिळाले असे सांगतात. विम्बल्डनच्या हिरवळीवर जे मिळाले नाही, ते गंमतीजमतीच्या खेळाआधीच्या अर्ध्या तासाने दिले.

पण नंतर तिने हिशेब चुकवला. लोक आपल्याला पाहायला येतात, अशी समजूत करून घेऊन तिने स्वतःचा दौरा काढला. लोक आले नाहीत. साठवलेले पैसे गेले आणि वर कर्ज झाले.

१९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ती महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मंडळात दाखल झाली. तिथेही ती पहिलीच कृष्णवर्णीय. चौदा वर्षांपूर्वीचा खेळ पुन्हा पहिल्यापासून. काही क्लब तिला मैदानावर येऊ देत, पण इमारतीत नाही. मग ती मोटारीत कपडे बदली. तिचा फटका लांब जाई, पण चेंडू भोकात घालण्याच्या नाजूक कामात हात कमी पडे. १९७० मध्ये एका स्पर्धेत तिघींची बरोबरी झाली आणि विजेतेपद निसटले. बाकी वर्षे खर्चाशी मिळकतीचा मेळ घालण्यात गेली.

उशिरा उघडलेले दार

१९६८ मध्ये मोठ्या स्पर्धांनी हौशी-धंदेवाईक भेद संपवला. त्या वर्षी विम्बल्डनच्या पुरुष विजेत्याला २,००० पौंड मिळाले आणि महिला विजेतीला, बिली जीन किंगला, ७५०. बायकांनी या तफावतीशी भांडण मांडले. १९७० मध्ये नऊ जणींनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून वेगळी चूल मांडली आणि आजचे महिला टेनिस त्यातून उभे राहिले. १९७३ मध्ये अमेरिकन स्पर्धेने समान बक्षीस दिले, विम्बल्डनने २००७ मध्ये. पण १९६८ साली अल्थिया चाळिशी ओलांडून गेली होती.

तिच्यावर एक आक्षेप तिच्याच लोकांकडून घेतला गेला, तो टाळून पुढे जाणे बरे नाही. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांना वाटे, की ही समाजासाठी बोलत नाही, वार्ताहरांशी तुटक वागते. ती म्हणे, मी चळवळीची कार्यकर्ती नाही, मी टेनिसपटू आहे. सुरुवातीला मलाही हा आक्षेप रास्त वाटला. वर्गणीवर वाढलेल्या मुलीने एवढे देणे लागू नये का? पण तिचा जमाखर्च मांडून पाहिला तेव्हा मत बदलले. परराष्ट्र खात्याला ती देशाची जाहिरात म्हणून हवी होती, क्लबांना आपल्या उदारपणाचा पुरावा म्हणून आणि चळवळीला निशाण म्हणून. प्रत्येकाने तिच्याकडून काही घेतले. तिचे घरभाडे कोण भरते, हे कुणी विचारले नाही. फक्त खेळाडू म्हणवून घेण्याचा तिचा हट्ट मला आता उद्धटपणाचा वाटत नाही. गोऱ्या खेळाडूंना जे न मागता मिळत होते, तेच ती मागत होती.

उत्तरायुष्य तिने न्यू जर्सीत सार्वजनिक क्रीडाखात्याच्या नोकऱ्यांत काढले. राज्याची क्रीडा आयुक्तही झाली. अधिकार नाहीत म्हणून वर्षभरात राजीनामा दिला. पुढे मेंदूतल्या रक्तस्रावाने आणि पक्षाघाताने ती घराबाहेर पडेनाशी झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यास एके दिवशी तिने लंडनला अँजेला बक्स्टनला फोन केला. औषधाला पैसे नाहीत, भाड्याला नाहीत, जीव द्यावासा वाटतो, निरोप घ्यायला फोन केला आहे, असे ती म्हणाली.

अँजेलाने आधी स्वतः पैसे पाठवले. मग एका टेनिस नियतकालिकात पत्र छापून आणले. जगाच्या कानाकोपऱ्यातून पाकिटे येऊ लागली आणि दहा लाख डॉलरच्या जवळपास रक्कम जमली. बारा वर्षांच्या मुलीला शेजाऱ्यांनी वर्गणी काढून क्लबात पाठवले होते. सत्तरीकडे झुकलेल्या विजेतीला पुन्हा वर्गणीनेच तारले. मधल्या काळात ज्या खेळाची तिने अकरा मोठी विजेतेपदे मिळवली, त्या खेळाकडून तिला मेहनताना असा मिळालाच नव्हता.

२८ सप्टेंबर २००३ रोजी, वयाच्या श्याहत्तराव्या वर्षी अल्थिया गेली. त्याआधी तीन वर्षे, २००० मध्ये, व्हीनस विल्यम्सने विम्बल्डन जिंकले होते; अल्थियानंतर ते जिंकणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. मध्ये बेचाळीस वर्षे गेली. पुढे विम्बल्डनने समान बक्षीस द्यावे म्हणून जाहीरपणे भांडणाऱ्यांत व्हीनस आघाडीवर होती आणि २००७ मध्ये ते पहिले समान बक्षीस घ्यायलाही तीच होती. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या टेनिस संकुलात अल्थियाचा पुतळा बसवला गेला.

माझ्या टिपणवहीत ‘धंदेवाईक’ या शब्दापुढे मी पूर्वी ‘हौशीच्या विरुद्ध, किंचित हीनतादर्शक’ अशी नोंद केली होती. ती मी खोडली आहे. आता तिथे लिहिले आहे : ज्याला आपल्या कामाचे पैसे लागतात असा माणूस.